दोन वेळास आणि एक निळा ठिपका

मार्चमध्ये आम्ही पुण्याहून वेळासला निघालो होतो. कासवांचं वेळास. मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या अंगाला, जिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं घरट्यातून बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. ताम्हिणी उतरलो, माणगाव ओलांडलं, म्हसळ्याला चहा घेतला. फोनवरचा नकाशा सांगेल तसं वळत गेलो आणि साडेचारच्या सुमाराला वेळासमध्ये शिरलो. माड होते, समुद्र होता, लांबच लांब वाळू होती. कासवांचा मात्र कुठे फलक नाही, गर्दी नाही, काहीच नाही. आगराला पाणी लावत असलेल्या एका आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "कासवांचं वेळास होय? ते खाडीपलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात. हे श्रीवर्धन तालुक्यातलं वेळास."

एकाच किनाऱ्यावर, एकाच नावाची दोन गावं, आणि मध्ये सावित्रीची खाडी. मागच्या सीटवरून माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याने विचारलं, "मावशी, वरून सॅटेलाइट आपल्याला बघतोय ना? मग आपण चुकतोय हे त्याला दिसलं नाही?"

त्या घाईत मी त्याला धड उत्तर देऊ शकले नाही. पण प्रश्न चांगला होता, कारण आपल्यापैकी बहुतेकांची समजूत हीच असते. वर कुणीतरी बसलंय, त्याला सगळे रस्ते दिसतात, आणि ते आपल्याला वाट दाखवतं. प्रत्यक्षात फोनवरचा नकाशा चार निरनिराळी कामं एकापाठोपाठ करत असतो. मी कुठे आहे, मला जायचंय ते ठिकाण कुठे आहे, तिथे जायच्या वाटा कोणत्या, आणि त्यातली कोणती कमी वेळात नेईल. ही चारही उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणाहून येतात, आणि त्यांचा भरवसाही सारखा नसतो.

उपग्रह फक्त वेळ सांगतो

उपग्रह आपल्याला बघत नाही. त्याला आपण आहोत हेसुद्धा माहीत नसतं. तो आकाशवाणीच्या केंद्रासारखा एकच गोष्ट अखंड सांगत असतो: "मी अमुक उपग्रह, मी अमुक जागी आहे, आणि आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजलेत." आपला फोन म्हणजे रेडिओ. तो ऐकतो, उलट काही पाठवत नाही.

पावसाळ्यात वीज चमकली की आपण गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजतो आणि वीज किती लांब पडली याचा अंदाज बांधतो. फोन तेच करतो. संदेश निघाला कधी आणि पोहोचला कधी यातला फरक काढला, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणलं, की उपग्रहाचं अंतर मिळतं. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की पृथ्वीवरची जागा ठरते. चौथा लागतो तो आपल्या फोनमधल्या घड्याळासाठी. उपग्रहात आण्विक घड्याळं असतात, आपल्या फोनमध्ये साधं. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी जागा ३०० मीटर हलते. ही चूक किती आहे ते चौथ्या उपग्रहामुळे कळतं आणि ती वजा करता येते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार तिथलं घड्याळ थोडं पुढे धावतं, आणि उपग्रहाच्या वेगामुळे थोडं मागे पडतं. दोन्ही मिळून ते दिवसाला सेकंदाचे सुमारे ३८ दशलक्षांश भाग पुढे जातं. हा हिशोब आधीच धरून घड्याळं लावली नसती, तर एका दिवसात चूक दहा किलोमीटरच्या वर गेली असती. ताम्हिणीच्या वळणावर आपली जागा दाखवणारा निळा ठिपका बरोबर वळणावर दिसतो, त्यामागे सापेक्षतावाद आहे.

जीपीएस नावाने आपण जी ओळखतो ती यंत्रणा अमेरिकेच्या संरक्षण खात्याची. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण झाली. सामान्य लोकांसाठी मिळणाऱ्या संदेशात सुरुवातीला मुद्दाम चूक मिसळलेली असायची. मे २००० मध्ये ती काढून टाकली, आणि त्यानंतरच गाडीत वापरण्याजोगी अचूकता सगळ्यांच्या हाती आली. आजचा फोन एकट्या जीपीएसवर अवलंबून नसतो. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायदू, आणि बऱ्याच नव्या फोनमध्ये आपल्या इस्रोची नाविक, जिचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला, या सगळ्यांचे संदेश तो ऐकतो. मोकळ्या आकाशाखाली बऱ्यापैकी फोनला आपली जागा साधारण पाच मीटरच्या आसपास कळते.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. ठिपका चालायला इंटरनेट लागत नाही. मुळशी सोडून घाटात शिरलं की रेंज जाते आणि लोक म्हणतात, "जीपीएस गेलं." जीपीएस जात नाही, जातं ते ठिपक्याखालचं चित्र. हे चित्र छोट्या छोट्या चौकोनी फरशांचं बनलेलं असतं. सगळ्यात वरच्या पातळीवर अख्खं जग एका फरशीत बसतं. एक पायरी जवळ गेलं की एका फरशीच्या चार होतात. अठराव्या पायरीवर, जिथे घरं-इमारती दिसतात, तिथे जगाच्या सुमारे ६,८७२ कोटी फरशा होतात. साहजिकच फोन या सगळ्या जवळ बाळगत नाही, लागतील तशा मागवतो. म्हणून घाटात शिरण्याआधी, घरच्या वायफायवर, त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवावा. मी तर जिल्ह्याच्या जिल्हा उतरवून ठेवते.

रेंज नसताना फोन बंद करून पुन्हा सुरू केला तर ठिपका यायला जरा वेळ लागतो, तेव्हा घाबरू नये. उपग्रह आपला ठावठिकाणा फार सावकाश पाठवतो, सेकंदाला फक्त ५० बिट, आणि तो ऐकून घ्यायलाच अर्धा मिनिट जातो. एरवी तीच माहिती इंटरनेटवरून पटकन येते, म्हणून आपल्याला वाट बघावी लागत नाही.

ठिपका खरोखर गोंधळतो तो आडोशाला. घाटात एका बाजूला कडा असला की अर्धं आकाश झाकतं आणि काही संदेश कड्यावर आपटून उशिरा पोहोचतात. फोनला वाटतं, अंतर जास्त आहे. कामशेतच्या बोगद्यात तर काहीच ऐकू येत नाही. तिथे फोन गाडीचा शेवटचा वेग आणि स्वतःच्या आतले हालचाल ओळखणारे भाग यांच्या आधाराने अंदाजाने ठिपका पुढे सरकवतो. उड्डाणपुलाचं दुखणं आणखी वेगळं. मुंबईत जे. जे. पुलावरून जाणारी गाडी आणि पुलाखालून मोहम्मद अली रोडने जाणारी गाडी, वरून पाहिलं तर दोघी एकाच जागी. मग नकाशा आधीच्या मिनिटाभराच्या खुणा जोडून ठरवतो की तुम्ही वर चढलात की खालीच राहिलात. हा अंदाज चुकला की नकाशातली वाट सांगणारी बाई म्हणते "डावीकडे वळा," आणि डावीकडे कठडा असतो.

पण आमच्या प्रवासात ठिपका चुकला नव्हता. आम्ही जिथे होतो तिथेच तो दाखवत होता.

गाठी आणि दोऱ्या

आता रस्ते. आपल्याला पडद्यावर नदी, डोंगर, पिवळे-पांढरे रस्ते दिसतात, पण वाट शोधणाऱ्या गणिताला त्यातलं काही दिसत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक फाटा, तिठा, चौक म्हणजे एक गाठ, आणि दोन गाठींमधला रस्ता म्हणजे एक दोरी. दोरीला चिठ्ठी बांधलेली असते: लांबी किती, एकेरी की दुहेरी, डांबरी की कच्ची, टोल आहे का, दुचाकी चालते का, आणि इथून तिथे जायला किती मिनिटं लागतात. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या दोरीवर "दुचाकी नाही" असं लिहिलेलं आहे, म्हणून दुचाकीचं चिन्ह निवडलं की नकाशा जुन्या महामार्गाने नेतो. चिन्ह न बदलता मोटारीचंच ठेवलं, तर तो बिनदिक्कत द्रुतगतीच्या तोंडाशी नेऊन सोडतो.

या जाळ्यातून सगळ्यात कमी वेळाची वाट कशी शोधायची, याचं उत्तर एडस्खर डाइक्स्ट्रा या डच माणसाने १९५६ मध्ये शोधलं. होणाऱ्या बायकोबरोबर ॲम्स्टरडॅममध्ये खरेदी करून दमल्यावर दोघं कॉफी प्यायला बसले होते. तिथे कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत त्यांना ही रीत सुचली. १९५९ मध्ये ती छापून आली. आजही वाट शोधणाऱ्या बहुतेक यंत्रणांच्या मुळाशी तीच आहे.

रीत इतकी सरळ आहे की भाच्याला मी ती नंतर कागदावर करून दाखवली. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. पुण्याहून माणगावला जायचंय. पुण्यातून तीन दोऱ्या निघतात: मुळशी ६० मिनिटं, भोर ८०, खोपोली ९०. सगळ्यात जवळचं ठिकाण मुळशी, ते पक्कं करायचं. मुळशीहून ताम्हिणीने माणगाव १०० मिनिटं, म्हणजे माणगावसमोर पेन्सिलीने १६० लिहायचं. अजून पक्कं नाही. उरलेल्यांत सगळ्यात कमी भोर, ८०. तिथून वरंध्याने महाड १२०, म्हणून महाडसमोर २००. मग खोपोली, ९०. तिथून पाली ५५, म्हणून पालीसमोर १४५. आता उरलेल्यांत सगळ्यात कमी पालीच. पालीहून माणगाव ६५, एकूण २१०, पण माणगावसमोर आधीच १६० आहे, तेव्हा २१० सोडून द्यायचं. आता उरलेल्यांत सगळ्यात लहान आकडा माणगावचा १६०. ते पक्कं. संपलं. महाडकडे पुढे बघायची गरजच उरली नाही.

ओढ्याचं पाणी सोडल्यावर ते सगळ्या पाटांतून एकाच वेगाने पसरतं, आणि वाफ्यात ज्या पाटाने आधी पोहोचतं तो पाट जवळचा. डाइक्स्ट्राची रीत म्हणजे हेच. अडचण एवढीच की पाणी सगळीकडे पसरतं. पुण्याहून नागपूरला जायचं असेल तरी ते आधी कोल्हापूरकडेही तितकंच पसरणार. १९६८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या तिघांनी त्याला मुक्कामाच्या दिशेने उतार दिला. पण देशभराच्या कोट्यवधी गाठींसाठी तेवढंही पुरत नाही, आणि आपल्याला तर उत्तर पापणी लवायच्या आत मिळतं.

ते कसं, हे एसटीने वाढलेल्या माणसाला लगेच कळेल. वाडीतून नागपूरला जाणारी माणसं वाडी-वाडीचा विचार करत बसत नाहीत. वाडीतून तालुक्याचा स्टँड, तालुक्यातून जिल्ह्याचा, तिथून लांब पल्ल्याची गाडी, आणि पलीकडे पुन्हा जिल्हा, तालुका, गाव असं उतरत जायचं. मधल्या पल्ल्याचा विचार डेपोने आधीच करून ठेवलेला असतो. नकाशाच्या यंत्रणाही असंच करतात. कमी महत्त्वाच्या गाठी एकेक करून आधीच गाळायच्या आणि त्यांच्या जागी मोठ्या गाठींमध्ये तयार आखूड दोऱ्या बांधून ठेवायच्या. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी २००८ मध्ये ही रीत फार नेटकी बसवली. आपण विचारतो तेव्हा बहुतेक गणित कधीच झालेलं असतं.

आमच्या बाबतीत हे गणितही बिनचूक होतं. ज्या वेळासला त्याने आम्हाला नेलं, तिथे जायची ती खरोखर उत्तम वाट होती.

मिनिटं कोण मोजतं

दोरीला बांधलेल्या चिठ्ठीवरची मिनिटं मात्र सारखी बदलतात. सकाळी नऊला हिंजवडीची मिनिटं वेगळी, रात्री अकराला वेगळी. ती मोजणारे आपणच असतो. नकाशा उघडा असलेला, किंवा जागा सांगायची परवानगी दिलेला प्रत्येक फोन आपला वेग कळवत असतो. पन्नास फोन एकाच रस्त्यावर ताशी आठ किलोमीटरने सरकत असले की ती दोरी लाल होते. त्यात जुना इतिहास मिसळतात: दर शुक्रवारी संध्याकाळी चांदणी चौकात काय होतं, लाँग वीकेंडला खंडाळ्यात काय होतं. तुम्ही तिथे दोन तासांनी पोहोचणार असाल, तर आत्ताची नव्हे, दोन तासांनंतरची कोंडी धरावी लागते.

हे सगळं फोनच्या संख्येवर किती अवलंबून आहे, हे २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने दाखवून दिलं. त्याने एका हातगाडीत ९९ फोन भरले आणि ती बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यांवरून सावकाश ओढत नेली. नकाशावर तिथे लालभडक कोंडी दिसायला लागली. आपल्याकडे याच कारणाने दुचाकी फार महत्त्वाची. कोंडीत अडकलेल्या मोटारींच्या फटीतून दुचाक्या निघून जातात. त्यांचा वेग मोटारीच्या वेगात मिसळला तर मोटारवाल्याला खोटी आशा मिळेल. गूगल मॅप्सने दुचाकीसाठी वेगळी सोय डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्यात आधी भारतात आणली.

बर्लिनमध्ये फोन जास्त झाले म्हणून चित्र बिघडलं. मला काळजी वाटते ती उलट्या बाजूची. जिथे फोनच नाहीत, तिथे काय? घाटातल्या आडरस्त्यावर दिवसाला चार गाड्या जातात. तिथून कोंडीची बातमी येणार नाही, कारण बातमी द्यायला कुणी नाही. मग यंत्रणा रस्त्याच्या प्रकारावरून आणि जुन्या नोंदींवरून अंदाजाने मिनिटं लिहिते. पडद्यावर रिकामा रस्ता आणि बंद रस्ता सारखेच दिसू शकतात. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे कितीदा बंद होतो हे भोर-महाडच्या माणसाला पाठ असतं. नकाशाला ते कुणीतरी कळवावं लागतं.

जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात हे जिवावर बेतलं. कळसूबाईला निघालेल्या पुण्याच्या मंडळींची गाडी रात्री एका पुलाच्या रस्त्याने थेट धरणाच्या पाण्यात गेली. वर्षातले काही महिने तो पूल पाण्याखाली असतो, आसपासच्या गावांना ते ठाऊक होतं. दोघं पोहून बाहेर आले, एकाचा जीव गेला. दोरी जाळ्यात होती, चिठ्ठीवर महिना लिहिलेला नव्हता.

म्हणून अनोळखी भागात, विशेषतः रात्री, मी वाट सुरू करण्याआधी दोन मिनिटं ती बोटाने मोठी करून पूर्ण बघते. मोठ्या रस्त्यावरून अचानक एखादी बारीक रेघ सुटून दहा मिनिटं वाचवत असेल, तर ती दहा मिनिटं मला नको असतात. चाळीस किलोमीटरला दोन तास दाखवत असेल तर तो घाट आहे किंवा रस्ता उखडलेला आहे, असं समजते. उलट, घाट दिसतोय आणि तरी वेळ अगदी कमी दाखवतोय, तर मला जास्त शंका येते. नकाशावर उपग्रहाने घेतलेलं छायाचित्र लावून तो रस्ता खरंच डांबरी दिसतो का तेही बघावं. कोकणात वरून रस्ता वाटणारी रेघ पुष्कळदा पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट असते, आणि पूल वाटणारा तो साकव, म्हणजे पायी ओलांडायचा छोटा पूल.

यात आणखी एक बाजू आहे. वाचवलेली मिनिटं कुणाच्या तरी दारातून जातात. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या लिओनिया गावाने जानेवारी २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी आपल्या साठेक गल्ल्या बाहेरच्यांना बंद केल्या, कारण नकाशे महामार्गावरची गर्दी गावातून काढत होते. पुण्यात पेठांमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाण्यावरची दोरी

आजोबांकडून उमगल्यावर आम्ही खरं वेळास शोधलं, तेव्हा नकाशाने श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला अशी वाट काढली आणि बागमांडल्याहून पुढे खाडीत एक तुटक रेघ. ही फेरीबोट. गाडीसकट पलीकडे वेसवीला उतरवते. कोकण किनाऱ्यावर अशा बऱ्याच आहेत: आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. या नसत्या तर खाडीच्या तोंडापासून आत पुलापर्यंत जाऊन परत यावं लागलं असतं. आमच्यासाठी तो वळसा आंबेतच्या पुलावरून म्हाप्रळ असा होता.

गणिताला फेरी म्हणजे आणखी एक दोरी. चिठ्ठीवर मिनिटं लिहिलेली. पण त्या मिनिटांत रांग नसते, बोट भरेपर्यंतची वाट नसते, आणि शेवटची फेरी कधी सुटते हे बहुतेक वेळा नसतंच. रविवारी दुपारी जेट्टीवर लागलेली गाड्यांची रांग आणि रात्री धक्क्यावरचा अंधार, दोन्ही त्या एका आकड्यात मावत नाहीत. फेरीच्या वाटेने जाणार असाल तर निघण्यापूर्वी पलीकडच्या मुक्कामाला फोन करून वेळ विचारा. नको असेल तर वाटेच्या पर्यायांत फेरी टाळण्याची खूण असते, तशीच टोल टाळण्याचीही.

आमची बोट मिळाली, पण संध्याकाळची पिल्लं सोडून झाली होती.

नावात घात झाला

तर मग चूक कुठे झाली? ठिपका बरोबर, जाळं बरोबर, मिनिटंसुद्धा बरोबर. चूक झाली ती मी "वेळास" टाइप केलं त्या क्षणी, पुण्यात, घरी. नावावरून जागा ओळखणं हे त्या चारांतलं उरलेलं काम, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. यंत्रणा तुमची अक्षरं घेते, तिच्या यादीतल्या लाखो नावांशी ताडून पाहते, आणि सगळ्यात जुळणारं नाव वर देते. जुळवताना तुम्ही आत्ता कुठे आहात हेही बघते, साहजिकच जवळचं वेळास वर येतं. मला दोन पर्याय दिसलेही असतील. मी पहिल्यावर बोट ठेवलं.

आपल्याकडे हे काम फार अवघड आहे. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव या नावांची गावं महाराष्ट्रात किती तरी आहेत. त्यात लिपीचा घोळ. रोमन अक्षरांत वेळास दोन-तीन प्रकारे लिहितात. वेसवीला तिथली माणसं वेश्वीही म्हणतात. आणि कोकणातलं गाव म्हणजे एक ठिपका नव्हे. दोन डोंगरांवर पसरलेल्या दहा वाड्या मिळून गाव होतं. यंत्रणेकडे वाडीचं नाव नसेल तर ती गावाच्या मधोमध कुठेतरी खूण ठेवते, आणि ती नेमकी जांभ्याच्या सड्यावर पडते, जिथे एकही घर नसतं.

हा प्रश्न टपालखात्याला फार आधी पडला होता. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, चुकीच्या गावी जाणारी पत्रं. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, जे संस्कृत कवीही होते, त्यांनी त्यावर सहा आकडी पिनकोड काढला. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. आमची दोन वेळास पिनकोडात सरळ वेगळी होतात: श्रीवर्धनकडचं ४०२ ने सुरू होतं, मंडणगडकडचं ४१५ ने. नावापुढे ते सहा आकडे टाकले असते, निदान "मंडणगड" एवढा शब्द जोडला असता, तर आमची संध्याकाळ वाचली असती. तेव्हापासून मी गावाचं नाव कधीच एकटं टाकत नाही. गाव, तालुका, पिनकोड. आणि वाट सुरू करण्याआधी मुक्काम कोणत्या जिल्ह्यात पडला ते बघते.

२०२५ मध्ये टपालखात्याने पुढचं पाऊल टाकलं. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्यासोबत बनवलेल्या डिजिपिनमध्ये देशाच्या साधारण चार मीटर लांब-रुंद प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची ओळख मिळते. नाव नाही, वाडी नाही, "पिंपळासमोर" नाही. दवाखान्याची गाडी बोलवायची असेल तेव्हा आपल्या घराची ही ओळख लिहून ठेवलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि हे काम फक्त कंपन्यांचं नाही. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा जगभरच्या लोकांनी हाताने भरलेला आहे, आणि अनेक ॲप्स त्याचाच आधार घेतात. त्यात प्रत्येक ठिकाणाच्या मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो. तुमच्या गावचा तो बहुधा रिकामा असेल. आपल्या वाडीचं नाव, पावसाळ्यात बुडणारा साकव, गाडी न जाणारी पाखाडी, हे तिथे नोंदवायला नकाशाशास्त्र शिकावं लागत नाही. त्या वाटेने चालत जायची सवय असली की पुरे. उपग्रहाला आणि गणिताला जे कधीच कळणार नाही तेवढंच नेमकं आपल्याला माहीत असतं.

आम्ही अंधार पडल्यावर खऱ्या वेळासला पोहोचलो. ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी वाटेतच मला फोनवर त्यांच्या अंगणातून जागेची खूण पाठवली होती, आणि वर बजावलं होतं, "ताई, ती बाई तुम्हाला खालच्या वाटेने घालेल. ऐकू नका तिचं. गाडी वर देवळापाशी लावा नि चालत या." बाईने खरंच खालची वाट सांगितली. आम्ही गाडी देवळापाशी लावली. सकाळी भाच्याने तेरा पिल्लं मोजली. परत आल्यावर तो आणि मी दोघांनी बसून ती खालची वाट पायवाट म्हणून नोंदवली, आणि देवळापाशी गाडी लावायची जागा.